नऊ नंबरचा कंदील

काजव्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं दोनच होती, एक बँकेतला कारकून आणि दुसरा डॉक्टर. बाकी सगळ्यांसाठी तो काजवा. प्रेक्षागृहाच्या पाठीमागे, शेवटच्या रांगेच्या डोक्यावर एक लाकडी खोकं होतं. कबुतरांनीही दोनदा विचार करून राहावं अशी ती जागा. तिथे बसून तो आमच्या नाटकांचे दिवे चालवायचा. दोन्ही हात कामात, म्हणून छोटी बॅटरी दातांत धरायचा. रंगमंचावर काळोख झाला की समोरच्या अंधारात तेवढा एक ठिपका हलताना दिसे. कोणीतरी म्हणालं, "तो बघा काजवा," आणि नाव पडलं ते कायमचं.

मी रंगमंचावर जन्म काढला, टाळ्याही भरपूर घेतल्या. त्यातला मोठा वाटा त्या खोक्यातल्या माणसाचा होता, आणि तो मागायला तो कधी आला नाही. म्हणून आज त्याच्याबद्दल लिहिते आहे.

त्याच्यासमोर एक लांब फळी असे. तिच्यावर ओळीने सरकत्या मुठी बसवलेल्या. तोच डिमर. मूठ वर नेली की दिवा उजळे, खाली आणली की मंदावे. प्रत्येक मुठीखाली पांढऱ्या रंगाने आकडा लिहिलेला. चार नंबर म्हणजे खिडकीतून येणारा उजेड. नऊ नंबर म्हणजे कंदील. नाटक कुठलंही असो, राजाचं असो की भाडेकरूचं, रंगमंचावर उचलून नेता येईल असा दिवा आला की तो नऊवर. हा नियम त्याने स्वतःच केला होता आणि तो मोडायची परवानगी त्याने स्वतःलाही दिली नव्हती.

त्याची बायको आमच्या कपडेपटाची मालकीण. आम्ही सगळे तिला वहिनी म्हणायचो. तिच्या ताब्यात एक भलीमोठी पत्र्याची पेटी होती. त्यात पोलिसाचा गणवेश, नवरीचा शालू, म्हाताऱ्याची शाल आणि एक काळा कोट. कोट एकच. वकील आला की तो वकिलाचा, डॉक्टर आला की डॉक्टरचा. एका नाटकात दिग्दर्शकाला ऐनवेळी काय सुचलं कोण जाणे, त्याने डॉक्टरला वकिलाच्या प्रवेशात आणून बसवलं. वहिनीला सांगायचं राहिलं. प्रयोगात वकील कोट घालून रुबाबात उभा आणि डॉक्टर विंगेत गंजीफ्रॉकवर. शेवटी तो खांद्यावर टॉवेल टाकून आत आला आणि म्हणाला, "अंघोळीला निघालो होतो, तेवढ्यात तुमचा निरोप आला." प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीने मात्र तेव्हापासून प्रत्येक नाटकाच्या आधी दिग्दर्शकाला समोर उभं करून विचारायला सुरुवात केली, "एका वेळी दोघांना एकच कपडा लागत नाही ना? मग करा सुरू."

आता ज्या नाटकाची ही हकिगत आहे त्याबद्दल. त्यात मी आई होते. मुलगा परत यायचा नाही हे शेवटी तिला कळतं. ती खिडकीशी येऊन बसते, शेजारी कंदील ठेवते आणि दाराकडे बघत राहते. बोलायला एक शब्द नाही. बाहेरचा उजेड कमी होत जातो, कंदीलही त्याच्याबरोबर मंदावत जातो आणि अंधार होतो. बस, एवढाच प्रवेश. पण तो किती वेळ चालायचा हे कधीच ठरलेलं नव्हतं. समोरची शांतता जेवढी टिकेल तेवढा वेळ मी ती धरून ठेवायची, आणि ती फुटायच्या आत अंधार यायला हवा. शांतता कधी फुटणार हे दोघांनाच कळायचं, मला आणि काजव्याला. त्याचा डावा हात चारवर, उजवा नऊवर, आणि नजर माझ्यावर.

मग त्याचे हात थरथरायला लागले. आधी चहाच्या बशीत कळलं. बशी वाजायला लागली. डॉक्टर म्हणाले, वयाचा कंप आहे, जिवाला काही धोका नाही. काजव्याने विचारलं, "जिवाचं राहू द्या, मुठीचं काय?" डॉक्टरांना मूठ म्हणजे काय ते समजलं नाही.

एका प्रयोगाला ते सगळ्यांना दिसलं. मी खिडकीशी बसले. उजेड उतरायला लागला आणि मध्येच लपलपला. कंदील एकदा वर, एकदा खाली. चौथ्या रांगेतून कोणीतरी अगदी सहज म्हणालं, "घरात लाइटचा प्रॉब्लेम दिसतोय." आणि सगळं प्रेक्षागृह हसलं. मुलगा गेलेल्या आईवर हसलं. मी दाराकडे बघत बसून राहिले. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने काजव्याला बोलावलं. मीही गेले. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

"काजवेकाका," तो म्हणाला, "पुढच्या प्रयोगापासून भाड्याने कॉम्प्युटरवालं यंत्र घेतो म्हणतोय. ते चालवायला त्यांचाच माणूस येतो. तुम्ही पहिल्या रांगेत बसा. इतकी वर्षं नाटक मागून बघितलंत, आता पुढून बघा."

"पुढून बघायला तिकीट काढणारे पुष्कळ आहेत," काजवा म्हणाला.

"काका, मी तुमच्या सोयीसाठी..."

"माझी सोय त्या खोक्यात आहे. एक काम करा. प्रयोगाच्या आधी रंगीत तालीम असतेच. त्या दिवशी मी शेवटचा प्रवेश करून दाखवतो. उजेड एवढासा जरी हलला तर मी होऊन खाली उतरेन, तुम्हाला बोलावं लागणार नाही."

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. "ठीक आहे," तो म्हणाला. "तोपर्यंत यंत्र पक्कं करत नाही."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काजव्या, काय करणार आहेस?"

"काही कल्पना नाही, बाई," तो म्हणाला. "पण मी बोललो ते कसं वाटलं?"

खरं सांगायचं तर झकास वाटलं होतं.

त्याची लेक दुसऱ्या गावात लिफ्ट बनवणाऱ्या कारखान्यात होती. लिफ्ट कितव्या मजल्यावर थांबवायची, दार कधी उघडायचं, हे ठरवणाऱ्या सर्किटच्या पाट्या ती तयार करायची. ती सुट्टीला आली, वडिलांचे हात पाहिले, आईकडून सगळं ऐकलं आणि जेवणाच्या टेबलावर एक छोटी निळी पाटी ठेवली. पत्त्यांच्या जोडाएवढी, दोन्ही कडांना भोकांच्या रांगा, प्रत्येक भोकाशेजारी बारीक आकडा.

"बाबा, हिला कॉम्प्युटरवरून काम सांगायचं. एकदा सांगितलं की ती विसरत नाही. कॉम्प्युटर काढून घेतला तरी करत राहते."

"तुझ्या आईसारखी," काजवा म्हणाला.

"मी सांगितलेलं कोण विसरतं ते बोलू का आता?" आतून आवाज आला.

लेकीचा बेत सोपा होता. खिडकीचा दिवा मोठा, त्याला जुना डिमरच हवा. मग चार नंबरची मूठ हाताऐवजी एका छोट्या मोटारीने सरकवायची. कंदिलात बारीकसा नवा दिवा घालायचा आणि त्याची वायर थेट पाटीच्या भोकात द्यायची, म्हणजे त्याला डिमर लागणारच नाही. दोन्हीला हुकूम पाटीचा.

"आणि मोटार कशी फिरवायची ते मी लिहायचं?" काजव्याने विचारलं.

"नाही. ते कोणीतरी आधीच लिहून ठेवलंय. प्रोग्रामबरोबर आयतं येतं. त्याला लायब्ररी म्हणतात. मोटारीची वेगळी, अक्षरं दाखवायच्या पडद्याची वेगळी. वर एका ओळीत तिचं नाव घालायचं आणि खाली नुसतं म्हणायचं, मोटार अमुक इतकी फिरव. आतली खटपट ती बघते."

"लिहिलंय कोणी?"

"खूप लोकांनी. जगभरच्या."

"मी त्यांना ओळखत नाही, पाळखत नाही, आणि त्यांच्या हातात माझी चार नंबरची मूठ देऊ?"

लेकीने आईच्या पत्र्याच्या पेटीकडे बोट दाखवलं. कपड्यांना ऊन द्यायला ती घरी आणलेली होती. "आई दर नाटकाला पोलिसाचा नवा गणवेश शिवते का? पेटीतला काढते. शिवणारा शिंपी तुमच्या ओळखीचा होता का?"

काजव्याने पेटीकडे पाहिलं. पण पटलं नाही त्याला. लेक परत गेल्यावर आठवडाभर त्याने मोटारीचं सगळं स्वतः लिहायचा हट्ट धरला. वीज किती क्षणाची सोडायची, मग किती थांबायचं, पुन्हा किती. मोटार एकदा या टोकाला जाऊन भिंतीला डोकं आपटल्यासारखी आपटायची, एकदा त्या टोकाला. ओळीच्या शेवटी अर्धविराम घालायचा राहिला की कॉम्प्युटर लाल अक्षरांत ओरडायचा. "हा दिग्दर्शकापेक्षा वाईट," काजवा म्हणायचा. "दिग्दर्शक निदान चहा प्यायला तरी थांबतो." शेवटी एका दुपारी त्याने मुकाट्याने वरच्या ओळीत लायब्ररीचं नाव घातलं. मोटार शहाण्या मुलीसारखी सांगितलं तिथे गेली आणि तिथेच थांबली. त्याने ती पुन्हा दोनदा फिरवून पाहिली. मग म्हणाला, "शिंपी चांगला होता."

मोटार चालते एवढं कळल्यावर त्याने ती बाजूला ठेवली आणि आधी कंदील हातात घेतला. मला बोलावणं आलं. मी गेले तर जेवणाचं टेबल वायरींनी भरलेलं, आणि त्यात आमचा नाटकातला कंदील. "बाई, बसा. आई व्हा," तो म्हणाला. मी खुर्चीत बसले, फ्रिजच्या दाराकडे मुलाच्या वाटेकडे बघावं तसं बघायला लागले. त्याने एक बटण दाबलं. कंदील मऊसूत मंदावत गेला, थरथर नाही, काही नाही, आणि विझला.

"कसं?"

"सुंदर. पण काजव्या, मी अजून मुलाची वाट बघतेय आणि तुझा कंदील झोपायला गेला."

"मग तुम्ही रोज सारखंच थांबा ना."

बोलला आणि त्याचं त्यालाच हसू आलं. त्याने बटण उपटून काढलं. ठरल्या वेळात विझणारा दिवा त्या भाड्याच्या यंत्रालाही जमला असता.

बटणाच्या जागी त्याने जुन्या रेडिओची गोल कान-पिळणी बसवली. ती पिळेल तसा कंदील कमी-जास्त होई. पण पिळणार कोण? तेच थरथरणारे हात. कंदीलही थरथरला. तेव्हा लेकीने फोनवर सांगितलं की, लायब्ररींच्या शेजारी लिहून ठेवलेले काही नमुने असतात, त्यातला सरासरीचा उघडा. युक्ती अशी होती: पाटीने कान-पिळणीकडे एकदाच बघून कंदिलाला सांगायचं नाही. भराभरा खूप वेळा बघायचं आणि त्या सगळ्याचं मधलं काढायचं. कापणारा हात एकदा जास्त सांगतो, एकदा कमी सांगतो. पुन्हा पुन्हा विचारून मधलं काढलं की हाताला खरंच जे म्हणायचं आहे तेवढंच उरतं.

मी तो कंदील पाहिला. कान-पिळणीवर त्याची बोटं पानासारखी हलत होती आणि कंदील मात्र एका संथ श्वासात उतरत होता. वहिनी सुई हातात धरून दारात उभी होती. ती म्हणाली, "टेबल कधी मोकळं होणार? आम्ही उभ्याने जेवतोय हल्ली."

एक खोट राहिली. मधलं काढायला पाटीला वेळ लागतो, त्यामुळे कंदील हाताच्या किंचित मागून चालायचा. काजवा म्हणाला, "चालेल. मी किंचित आधी निघेन."

आता उरलं मोटार आणि कंदील एकाच कान-पिळणीवर आणायचं. फळीवरून चार नंबरची मूठ सोडवून त्याने घरी आणली होती. सायकलच्या आऱ्याने ती मोटारीच्या दांडीला जोडली. कंदिलाच्या ओळी आणि मोटारीच्या ओळी एकाखाली एक लिहिल्या. रंगीत तालीम चार दिवसांवर आली होती.

सकाळी मला वहिनीचा फोन आला. "जरा येऊन जाता का? हे जेवत नाहीयेत."

काजवा टेबलाशी हात मांडीखाली दाबून बसला होता. "बघा," तो म्हणाला, आणि कान-पिळणी पूर्ण उजवीकडे नेली. कंदील लख्ख पेटला. मग त्याने ती जराशी, केसभर मागे घेतली. कंदील गप्पकन गेला. मधलं काही नाहीच. लख्ख, नाहीतर गुल. आणि तिकडे मोटार, जी इतके दिवस शहाण्या मुलीसारखी वागत होती, ती मध्येच उचकी लागल्यासारखी दचकत होती. चार नंबरची मूठ थरथरत होती.

"तिलाही माझाच आजार झालाय," तो म्हणाला.

मी हसले नाही. तो विनोद करत नव्हता.

"सगळ्या वायरी तीनतीनदा तपासल्या. दुसरी पाटी आणून लावली, तरी तेच. बाई, मी कितीही झाकलं तरी हे हात कुठून तरी बाहेर येणारच. मॅनेजरला सांगून टाका, यंत्र पक्कं कर म्हणावं."

मला काय सुचणार? मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी म्हणाले, "आधी दोन घास खा." नाटकात अशी वाक्यं फार कामाला येतात, घरात कमी.

वहिनी पलीकडे पेटीशी बसून माझ्याच शालीला रफू करत होती. तिने मान वर न करता विचारलं, "अहो, परवा तर कंदील चांगला होता."

"होता."

"आणि त्याच्या आधी मोटारही चांगली होती."

"होती. म्हणून तर म्हणतोय, मीच..."

"तुम्ही थांबा जरा. दोघंही वेगवेगळे चांगले आणि एकत्र आले की एक उघडा पडतो आणि दुसऱ्याला धड उभं राहता येत नाही. बाई, आठवतंय का काही?"

मला आठवलं. टॉवेल!

"यांना एकच कोट लागत असेल," वहिनी म्हणाली. "मोटारीच्या त्या आयत्या लायब्ररीने पेटीतून काय काय काढून घेतलंय, ते विचारलंत का तिला?"

"अगं, तो कॉम्प्युटरचा प्रोग्राम आहे, कपडेपट नाही."

"मोटारीच्या ओळी काढा आणि नुसता कंदील लावा. मग बोला."

त्याने काढल्या. कंदील संथ श्वास घेत उतरला. मग कंदिलाच्या ओळी काढून मोटारीच्या घातल्या. मोटार गुळगुळीत सरकली, चार नंबरची मूठ लोण्यातून नेल्यासारखी खाली आली. काजवा बायकोकडे बघायला लागला. तिने दोरा दाताने तोडला.

लेकीला फोन लावला. आधी तिने ऐकलं, मग "अय्या!" म्हणाली, मग विचारलं, "बाबा, कंदील कितव्या भोकात आहे?"

"कितव्या म्हणजे? नवव्या."

"नवव्याच का?"

"कंदील नऊवरच असतो," काजवा म्हणाला. सूर्य उगवतो म्हणावं तसं.

पलीकडे लेक हसायला लागली. मग तिने नीट सांगितलं. पाटीच्या पोटात मोजकीच घड्याळं असतात. मोटारीला वेळेवर हुकूम द्यायला तिची लायब्ररी त्यातलं एक घड्याळ आपल्याकडे घेते. नऊ आणि दहा नंबरच्या भोकांना दिवा मंद करायला नेमकं तेच घड्याळ लागतं. दोघंही त्याच्यावर हक्क सांगतात, म्हणून कंदील गुल होतो आणि मोटार दचकते. "लायब्ररीच्या माहितीत पहिल्याच पानावर लिहिलंय हे. वाचलं नाहीत?"

"मी माझ्या प्रवेशापुरतं वाचलं," काजवा म्हणाला.

यावर मी तरी कोणत्या तोंडाने बोलणार? आम्ही सगळ्या नाटकवाल्यांनी जन्मभर हेच केलं. आपली वाक्यं पाठ करायची आणि बाकीच्यांच्या वेळी विंगेत चहा प्यायचा.

"पाचव्या भोकात घाला," लेक म्हणाली. "त्याचं घड्याळ वेगळं आहे. प्रोग्राममध्येही नवाचा पाच करा. झालं काम."

फोन ठेवला. आम्हाला वाटलं, आता हा उडी मारून वायर बदलेल. हा वायरीला हात लावेना.

"पाच नंबर म्हणजे पाठीमागचा निळा पडदा," तो म्हणाला. "नऊ म्हणजे कंदील. अंधारात माझा हात आपोआप जातो तिथे. आता कंदिलाला पाच म्हणायचं?"

"अहो, कंदिलाला काय कळतंय तो कितव्या भोकात आहे?" वहिनी म्हणाली. "आणि तुमचा हात आता कान-पिळणीवर असणार. भोकात बोट घालून बसणार आहात का?"

तो कुरकुरला. कुरकुरतच त्याने वायर उपटली आणि पाचात खोचली. मग पांढऱ्या रंगाची डबी आणून पाटीच्या पाचव्या भोकाशेजारी वहिनीकडून बारीकसा नऊ काढून घेतला. त्याच्या स्वतःच्या हाताने तो निघाला नसता. कान-पिळणी मागे घेतली. कंदील उतरला, मूठ उतरली, तिला तात्पुरता जोडलेला टेबलावरचा दिवाही उतरला. सगळं एका चालीने, किंचित मागून. मग त्याने ताट मागितलं.

रंगीत तालमीला मॅनेजर खोक्याच्या दारात जाऊन उभा राहिला होता म्हणे. हात मागे बांधून. मला खालून काही दिसत नव्हतं. काजव्याचा ठिपका मात्र होता. मी खिडकीशी बसले, कंदील शेजारी ठेवला, दाराकडे बघायला लागले. उजेड उतरला. एकदाही हलला नाही. अंधारात वरून मॅनेजरचा आवाज आला, "पुन्हा एकदा करता येईल का?" दुसऱ्यांदाही हलला नाही. खाली येऊन तो मला एवढंच म्हणाला, "यंत्रवाल्याला नको कळवतो." काजव्याशी तो त्या दिवशी बोलला नाही. मला वाटतं, तो लाजला होता.

पण तालमीत प्रेक्षक नसतात, आणि खरी परीक्षा शांततेची. प्रयोगाच्या दिवशी मी बसले आणि समोर अशी शांतता पडली की वर्षातून एखाद्या वेळी पडते. कोणी खोकलं नाही, खुर्ची वाजली नाही. मी धरून ठेवली. नेहमीची जागा आली आणि गेली, मी धरूनच ठेवली. उजेड तिथेच थांबला होता, अर्धा उतरलेला, माझी वाट बघत. मला भीती वाटली की मी फार ताणते आहे, आता फुटेल. सोडावी असं माझ्या मनात आलं, आणि मी खांदा खाली टाकला, त्याच क्षणी खिडकी मंदावली, कंदील तिच्याबरोबर निघाला, आणि अंधार अगदी वेळेवर आला.

नंतर हिशेब केला तेव्हा लक्षात आलं. कंदील हाताच्या मागून चालतो. म्हणजे माझ्या खांद्याबरोबर तो उतरला याचा अर्थ काजव्याचा हात माझ्या आधी निघाला होता. मी सोडणार हे मला कळायच्या आधी त्याला कळलं होतं.

मी खोक्याच्या जिन्याखाली गेले. तो बॅटरी दातांतून काढून पुसत होता.

"काजव्या, तुला कसं कळलं?"

"बाई, तुम्ही सोडायच्या आधी श्वास आत घेता. कायमच घेता. आजवर सांगितलं नाही, नाहीतर घ्यायचं थांबवलं असतंत."

पुढे तो बरीच वर्षं त्या खोक्यात होता. हात जास्त कापायला लागले की पाटीला आणखी जास्त वेळा बघायला सांगायचा, आणि स्वतः आणखी थोडा आधी निघायचा. तो गेल्यावर तिथे एक बाई दिवे बघायला आली, हुशार, हात अगदी स्थिर. मला म्हणाली, "ही कान-पिळणी फार सुस्त आहे हो, दिवा मागून येतो. आणि पाचव्या भोकाशेजारी नऊ कोणी लिहिलाय? खोडू का?"

मी म्हणाले, "हवं तर सुस्ती काढ. नऊ राहू दे. कंदील नऊवरच असतो."